पुस्तकातली उज्ज्वला, पिक्चरमधली मंजू

देऊळगाव राजा,
मंगळवार

प्रिय महामाया,

सप्रेम जय भीम.

पिक्चरमधल्या मनोऱ्याच्या त्या प्रसंगातला मंजूचा मूळ आवाज आता कुठेही शिल्लक नाही. काल संध्याकाळी राजकुमारनं फोन करून हे सांगितलं आणि आज सकाळी पुण्याच्या स्टुडिओतल्या श्रेयसनंही दुजोरा दिला. दोघांकडून पक्कं झाल्याशिवाय तुला काही कळवायचं नाही असं ठरवलं होतं. सगळी नोकरी वर्तमानपत्रात गेल्यावर एका माणसाच्या सांगण्यावर बातमी सोडवत नाही, मग ती घरची का असेना.

झालं ते असं. तुमच्याकडच्या कापसाच्या बंद जिनिंगमध्ये मनोऱ्यातली खोली उभी केली होती, तिच्या भिंतीमागेच जनरेटर चालू असायचा. त्यामुळे तिथला आवाज वापरायचा नाही, नंतर स्टुडिओत बोलून घ्यायचा, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. जागेवर आवाज टिपतात तो फक्त डबिंगच्या वेळी ओठांशी शब्द जुळवता यावेत म्हणून. डबिंग संपलं की ते आवाजाचं कार्ड रिकामं करतात आणि पुढच्या कामाला घेतात. मंजूचं डबिंग ऑक्टोबरात लागायचं होतं. सप्टेंबरात तिला ताप आला आणि त्याच तापात ती गेली. मग तिच्या जागी नीरजा नावाची पुण्याची मुलगी बोलली, आणि तिचं बोलून झाल्यावर नेहमीसारखंच कार्ड रिकामं झालं. राजकुमार फोनवर रडत होता. “काका, मले तवा सुचलंच नाही हो. कार्ड खाली करा म्हनून मीच सांगतलं त्यायले.” मी त्याला म्हटलं, यात तुझी चूक नाही. मीसुद्धा बातमी छापून आली की टिपणं फाडून टोपलीत टाकायचो. उद्या ती कुणाला लागतील असं कधी वाटलं नाही.

तसा तिचा आवाज माझ्या फोनमध्ये आहे. तुझ्याही असेल. “बाबा, चिखलीत पोचले.” “बाबा, गाडी फेल झाली, उशीर होईल.” “बाबा, पोचले, झोपा आता.” सगळे निरोप जाण्या-येण्याचे. ते मी ऐकतो. पण मी जे शोधत होतो ते वेगळं होतं. ते काय, हे सांगण्याआधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं.

गेल्या महिन्यात पुष्पांजलीचा फोन आला. “भाऊजी, ताई विचारून राह्यली, पुस्तक वाचू का पिच्चर पाहू? दोन्ही तं तिच्यानं होनार नाही. तुमी सांगा एकदाचं.” मंजूच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आपण दोघं एकाच सतरंजीवर बसलो होतो, त्यानंतर तुझ्याकडून आलेला हा पहिला शब्द, तोही बहिणीच्या तोंडून. मी म्हटलं, सांगतो. मग सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. पुस्तक मी लिहिलं, पण छापून आल्यावर त्याचा गठ्ठा सोडला नव्हता. पिक्चर लागला तेव्हा थिएटरकडे फिरकलो नव्हतो. आता दोन्ही केलं. पुस्तक वाचलं, पिक्चर तीनदा पाहिला.

लोकांना वाटतं, पिक्चर पाहून त्याचं पुस्तक लिहितात. तसं नसतं. पिक्चर लागेल त्या दिवशी पुस्तक दारात विकायला हवं, म्हणून लिहिणाऱ्याच्या हातात शूटिंगच्या आधीची पटकथा देतात आणि तारीख देतात. राजकुमारनं मला त्याच्या ‘मनोरा सात’ची झेरॉक्स आणून दिली तेव्हा नट ठरले नव्हते, मनोरा कसा दिसणार हे त्यालाही माहीत नव्हतं. गोष्ट तुला ठाऊकच आहे. पुढच्या कुठल्याशा शतकात माणसांचं एक जहाज दूरच्या ताऱ्याकडे निघून गेलंय. त्यांच्याशी बोलायला पृथ्वीवर सात मनोरे बांधलेत. एकेक बंद पडत जातो आणि सातपुड्याच्या पायथ्याचा सातवा तेवढा उरतो. मग तोही बंद करायचा हुकूम येतो. रात्रपाळीची मुलगी जहाजाला शेवटचा संदेश पाठवते, जो तिकडे पोचायला कित्येक वर्षं लागणार असतात. पटकथेत त्या मुलीला नाव नव्हतं. पडद्यावर नाव लागत नाही, चेहरा असतो. पुस्तकात मात्र बिननावाचं माणूस पानभरसुद्धा चालत नाही, म्हणून मी तिचं नाव उज्ज्वला ठेवलं. उंच, चष्मा लावणारी, कमी बोलणारी. ती मंजू नव्हती, महामाया. मंजूचा तोपर्यंत या सगळ्याशी काही संबंधच नव्हता.

संबंध आला तो तिच्या जिभेमुळे. राजकुमार प्रकरणं ऐकायला इथे आला होता, मंजू तुझ्याकडून नुकतीच आली होती. तिनं चहा ठेवला आणि टेबलावरची पानं उचलून उभ्याउभ्याच वाचली. मग मला म्हणाली, “बाबा, हे पोरगी जेवते कधी? नुसती ताऱ्यायकडं पाहून राह्यली. मायनं डबा देल्ला नाही का तिले?” राजकुमारच्या कपातला चहा सांडला, इतका तो हसला. जाताना दारात थांबून म्हणाला, “काका, मनोऱ्यावर हेच पोरगी पायजे मले.” मंजूला वाटलं तो थट्टा करतोय. “मी काय हिरोईन दिसून राह्यली काय बे तुले?” असं तिनं त्याला माझ्यासमोर सुनावलं. त्याच रात्री मी उज्ज्वलाला डबा दिला. भाकरी, ठेचा, कांदा, आणि दुसऱ्या गावी नोकरी करणारी आई, जी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती डबा धाडते. चष्माही काढून घेतला. बाकी बदलायला वेळ नव्हता, आधीची प्रकरणं अक्षरजुळणीला गेली होती. त्यामुळे पुस्तकातली मुलगी दिसते परकी आणि जेवते आपल्या मंजूसारखी.

ते तिचं बोलणं तुझ्याकडचं. जळगाव जामोदहून आली की आठवडाभर मले-तुले चालायचं. मग हळूहळू इकडचं बोलणं जिभेवर बसायचं, आणि तेवढ्यात परत जायची वेळ यायची. जिल्ह्याच्या एका टोकाला तुझं तहसील, दुसऱ्या टोकाला माझं वर्तमानपत्र आणि मधल्या सगळ्या बसस्टँडांवर ती. देवानंद-महामाया भांडून वेगळे झाले असं लोक म्हणतात. आपण भांडलो कुठे? भांडायला एका घरात राहावं लागतं. तू बदली मागायचीस, मिळायची नाही. मी म्हणायचो पुढच्या वर्षी बघू. अशी वर्षं गेली आणि मग विचारायचंच राहून गेलं. मंजूनं याबद्दल मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. तुला लावला असेल तर ठाऊक नाही.

पिक्चर पहिल्यांदा पाहिला तो वडनेर भोलजीला. शाळेच्या पटांगणात फुग्याचं थिएटर लावलं होतं, म्हणजे हवा भरलेला मोठा तंबू आणि आत खुर्च्या. राजकुमारचं गाव, त्यामुळे पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या पुस्तकातला मनोरा पोलादी आहे, ढगांत गेलेला, त्याच्या टोकावरून नर्मदेपलीकडचे दिवे दिसतात. पुस्तकात असं काही बांधायला एक ओळ पुरते. पिक्चरमधला मनोरा पडद्यावर आला आणि मागून कुणीतरी ओरडलं, “अबे, हे तं आपली पान्याची टाकी हाय!” अख्खा तंबू हसला. टाकीच होती, वर डिश अँटेना बसवलेली. माझ्या शेजारी पुंजाजी नावाचे म्हातारे होते, त्या टाकीवर पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “आठ दिवस मले व्हॉल खोलू देल्ला नाही या लोकायनं. इकडं पृथ्वी खतम होऊन राह्यली, अन् तिकडं गावातल्या बाया मले शिव्या देऊन राह्यल्या.” मी हसलो. मंजू गेल्यावर पहिल्यांदाच हसलो असेन. त्याच हसण्यात ती पडद्यावर आली.

पाठमोरी येते. मग वळते. वेणीचा रबर दातात धरलेला, दोन्ही हात मानेमागे, आणि तशीच पायानं खुर्ची ओढून बसते. हे पटकथेत नाही, म्हणून पुस्तकातही नाही. माझी उज्ज्वला खुर्चीवर बसते तेव्हा तिच्या मनात काय चाललंय हे मी अर्धं पान सांगितलंय. पिक्चरमध्ये मंजू काहीच सांगत नाही, रबर दातात धरते. ते अर्धं पान मला आता फाडून टाकावंसं वाटतं. शाळेत असताना तू तिच्यावर यासाठीच ओरडायचीस ना, घाण रबर तोंडात घालते म्हणून?

बाकी फरक सांगतो. डब्याचा प्रसंग पिक्चरमध्ये नाही. तिनंच सुचवलेला, तिनंच केलेला, पण लांबी वाढत होती म्हणून राजकुमारनं कापला. त्यामुळे ठेचा-भाकरी फक्त पुस्तकात उरली. पडद्यावर तिला नाव नाही, शेवटच्या यादीत ‘मनोऱ्यावरची मुलगी: मंजुश्री’ एवढं येतं, आणि ते वाचेपर्यंत लोक चपला शोधायला लागलेले असतात. सगळ्यात मोठा फरक शेवटाचा. पटकथेत संदेश जहाजापर्यंत पोचत होता. तिथेच जन्मलेली, पृथ्वी कधी न पाहिलेली एक म्हातारी तो पहिल्यांदा ऐकते, सगळ्यांना झोपेतून उठवते, आणि सगळे उभे राहून ऐकतात. मी ते पटकथेबरहुकूम लिहिलं. पण जहाजाची आतली बाजू कॅमेऱ्यात खेळण्यासारखी दिसायला लागली, म्हणून राजकुमारनं तो सगळा भाग काढून टाकला. पिक्चर मनोऱ्यावरच संपतो. ती संदेश देते, लाल दिवा लुकलुकतो, अंधार. पुस्तकात तिचं बोलणं कुणीतरी ऐकतं. पिक्चरमध्ये ऐकणारं कुणी नाही.

संदेश मात्र पटकथेत, पुस्तकात आणि पिक्चरमध्ये अक्षरशः एकच आहे. “मनोरा सातकडून जहाजाला. हा आमचा शेवटचा संदेश. इथे सगळं ठीक आहे. तुम्ही मागे वळू नका.” वडनेरला हे शब्द नीरजाच्या आवाजात ऐकले. मुलीनं काम मन लावून केलंय, स्वच्छ आवाज आहे, कुणालाही शंका येणार नाही. तुला आणि मला सोडून. मी डोळे मिटून घेतले. मग लक्षात आलं की डोळे मिटले की मंजू जाते आणि परकी मुलगी तेवढी राहते. म्हणून दुसऱ्यांदा, चिखलीच्या खेळाला, मी कानात कापसाचे बोळे घालून बसलो. शेजारच्या बाईनं मुलाला माझ्यापासून जरा लांब घेतलं. घेऊ दे.

तेव्हा दिसलं. संदेश मला पाठ आहे, प्रुफं तपासताना कितीदा वाचलाय. ‘वळू नका’वर तिचे ओठ थांबायला हवेत. थांबत नाहीत. ती आणखी काहीतरी बोलते, लहानसंच, आणि बोलून झाल्यावर खालचा ओठ दातात धरून हसू दाबते. मग लाल दिवा येतो. तिसऱ्यांदा बोळे काढून पाहिलं. त्या जागी फक्त संगीत आहे. तिथे ती जे बोलली ते पटकथेत नव्हतं, पुस्तकात नाही आणि पिक्चरमध्ये नुसते ओठ आहेत.

राजकुमारला विचारलं. तो म्हणाला, “हो काका, तिनं मनानंच काईतरी जोडलं होतं. मले तिचं हसू आवडलं म्हनून तोच टेक ठेवला. पन काय बोलली, जनरेटरच्या आवाजात कोनाले ऐकू आलं?” त्या दिवसापासून आम्ही दोघं ते कार्ड शोधत होतो. नीरजाला आठवत नाही, तिला पटकथेतलं तेवढंच बोलायला सांगितलं होतं. राजकुमारची मदतनीस अर्पिता त्या वेळी कॅमेऱ्यापाशी होती. ती मुंबईची. म्हणाली, “ऐकलं मी, पण ते एकदम तिकडच्या बोलीत होतं, मला नीट कळलं नाही. ते जहाजासाठी नव्हतंच. तिनं कॅमेऱ्याच्या बाजूला बघून म्हटलं. तिथे तिच्या आई डबा घेऊन उभ्या होत्या. त्या मोठ्यानं हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.”

त्या दिवशी मी इथे शेवटचं प्रकरण लिहीत होतो. तू रजा टाकून जिनिंगमध्ये उभी होतीस. तिनं तुझ्याकडे पाहून जे म्हटलं ते ऐकून समजलेली तू एकटीच उरली आहेस. हे कळूनसुद्धा मी तुला विचारलं नाही. आधी मशीनकडे गेलो, श्रेयसच्या मागे लागलो, पुन्हा पुन्हा फोन केले, तुला ते परत तोंडातून काढावं लागू नये म्हणून. आता मशीनकडून उत्तर आलंय. दुसरी वाट राहिली नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पिक्चर पाहा. पुस्तक ठेवून दे, त्यात मी आहे, ती थोडीच आहे. पिक्चरमध्ये दुसरीचा आवाज सोसावा लागेल, पण ती वेणी घालते. येत्या रविवारी फुग्याचं थिएटर तुमच्याकडे बाजाराच्या मैदानावर येतंय. मी शनिवारी चिखली-खामगाव करत येईन आणि पुष्पांजलीकडे उतरेन, तिला कळवलंय. दुपारच्या खेळाला तुझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवीन. सोबत बसायचं नसेल तर लांब बस, मी वळून पाहणार नाही. पुढच्या मंगळवारी पुस्तकाची दुसरी छपाई सुरू होतेय. उज्ज्वलाच्या संदेशानंतर एक ओळ मोकळी सोडा, असं मी छापखान्याला सांगून ठेवलंय. तिथे काय घालायचं, घालायचं की नाही, हे तू ठरव. छापायचं नको म्हणालीस तर छापणार नाही. खरं म्हणजे पुस्तकासाठी विचारतच नाही. शेवटचं वर्षभर ती काय काय बोलली त्यातलं अर्धं तुझ्याकडे आहे, अर्धं माझ्याकडे, आणि माझ्या अर्ध्यात हे नाही. मला ते एकदा ऐकायचं आहे, तुझ्या तोंडून, ती बोलली तसं. सांगवलं तर सांग. नाही सांगवलं तर मी तुला पुन्हा कधी विचारणार नाही. खेळ संपला की मी खामगावची संध्याकाळची गाडी धरेन, आणि मंगळवारी ते पान मोकळ्या ओळीसकट मशीनवर चढेल.

मंजूचा बाबा, आणि तुझी हरकत नसेल तर तुझाच,
देवानंद